कॉलम काढता येत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची वसईत! टेम्पोवाल्याने पुण्याहून आणलेलं सामान पेरभाटच्या आळीत उतरवलं आणि फ्रिज धरताना माझी जी त्रेधा उडाली ती बघायला अर्धी आळी गोळा झाली. कुणी हसलं नाही, उलट दोघातिघांनी हात लावला. त्यातले एक शेजारचे सिप्रियन अंकल. वय सत्तरीचं, पण वजन माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त उचललं. जाताना केळ्यांचा एक फणा ओट्यावर ठेवून गेले.

घर सालोमी आंटींचं. पुढे ओटा, मागे वाडी, वाडीत सोनचाफा आणि केळी. नवरा, गॉडफ्रे, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी शर्ली मस्कतला असते. आंटींनी आधी विचारलं मासे खातेस का, मग विचारलं लग्न का नाही केलंस. हा क्रम मला फार आवडला. काल मृतांचा दिवस होता, त्यामुळे त्यांच्या बोटांना अजून कबरीवरच्या मेणबत्त्यांचं मेण चिकटलेलं होतं. ते नखाने काढत काढत त्यांनी घराचे नियम सांगितले. मुख्य नियम पाण्याचा. विहिरीचा पानी खारा झाला बाय, म्हणाल्या, आता तो तोंडातपन घेववत नाही. गोडं पाणी गावच्या पाणी सोसायटीच्या टाकीतून येतं आणि माणशी मोजून येतं. घरात नवं माणूस आलं की पहिलं सोसायटीत नाव घालायचं. माझं त्यांनी मी यायच्या आधीच घालून टाकलं होतं.

ही नोकरी मी घेतली ती खरं तर या ओट्यासाठी. जागा नव्या ऑफिसच्या परेश सरांनी सोसायटीतल्या ओळखीने मिळवून दिली. फोटो बघितला आणि आई तिथे बसून लसूण सोलताना दिसली मला. बाबा गेल्यावर मी शिकायला, मग नोकरीला बाहेर, ती कराडला एकटी. एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत उभा जन्म काढला तिने आणि आता निवृत्त होऊन भिंतींवर ओरडते. महिनाअखेर तिला घेऊन येते. यापुढे आम्ही दोघी एका घरात राहणार, बस्स.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिस सातिवलीला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. एका बाजूला प्लॅस्टिकच्या बादल्या बनवतात, दुसऱ्या बाजूला स्टीलला पॉलिश करतात. मधल्या गाळ्यात आम्ही चौघं डोक्याला हात लावून बसतो. मालक, मॅनेजर आणि चहा सांगणारा या तिन्ही जागांवर परेश सरच आहेत. माझ्याच वयाचे, दर वाक्याला टेन्शन नको घेऊ म्हणतात, त्यामुळे टेन्शन येतं.

काम असं. इथल्या गावांच्या पाणी सोसायट्यांचा जुना डेटाबेस नव्या सिस्टिममध्ये न्यायचा. पण आतले आकडे वाचायला मला बंदी आहे. कुणाच्या घरी किती पाणी जातं यावरून पूर्वी एवढी भांडणं झाली, की बाहेरच्याने आकडा बघायचा नाही असा सोसायटीने ठरावच केला. रचना बघायची, रचना बदलायची, आत डोकावायचं नाही. परेश सर म्हणाले, कॅटलॉगवरून सगळं कळतंच की, डेटा हवाय कशाला.

ते बरोबरच आहे. आईने विचारलं की सांगायला बरं म्हणून इथे लिहून ठेवते. डेटाबेस स्वतःविषयीची माहिती स्वतःच लिहून ठेवत असतो. कोणकोणती टेबलं आहेत, त्यांत कोणते कॉलम आहेत, कुठल्या कॉलमला काय अट आहे, कोण कुणावर अवलंबून आहे. या माहितीला आम्ही कॅटलॉग म्हणतो. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात ना, तसंच. डबा न उघडता कळतं की यात हळद आहे.

आता या स्वयंपाकघराविषयी. हे ज्यांनी मांडलं ते ॲन्सेल्म मास्तर म्हणून पेरभाटातलेच निवृत्त गणिताचे शिक्षक. फुकट करून दिलं म्हणे, त्यामुळे बोलायची सोय नाही, पण इथे बोलते. प्रत्येक घराला एक टेबल, प्रत्येक दिवसाची एक ओळ, आणि प्रत्येक माणसाला एक कॉलम! अहो मास्तर, माणसं ओळींत ठेवतात. पुण्यात असं कुणी केलं असतं तर त्याच्या नावाने पार्टी करून हसलो असतो. माणसाच्या प्रत्येक कॉलमला एकच अट, रिकामा चालणार नाही. रोज काही ना काही आकडा टाकलाच पाहिजे. आणि टेबलाच्या टिपेत मास्तरांनी लिहून ठेवलंय की माणूस गेला तरी कॉलम काढू नये, शून्य टाकत राहावं. वेडा पण प्रेमळ माणूस दिसतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मास्तरांचा नियम कुणीतरी धाब्यावर बसवलाय. आज पेरभाटची सगळी घरं कॅटलॉगमधून काढली. बऱ्याच घरांत ठिपके सापडले. कॉलम काढला तरी डेटाबेस त्याची जागा मिटवत नाही. नाव जातं आणि तिथे ठिपक्यांची एक रांग राहते, मधे जागेचा नंबर. म्हणजे इथे कुणीतरी होतं एवढं कळतं, कोण ते कळत नाही.

सोसायटीत नाव घातलं की कॉलम आपोआप बनतो, बाकी रचना बदलायची मुभा आता फक्त मला आणि परेश सरांना, पूर्वी मास्तरांना होती. ते म्हणाले, मास्तरांनीच काढले असतील, वय झालंय, सोड ना. सोडलं. पण मग सवयीप्रमाणे नाक खुपसलं. आधी आमचं घर बघितलं. सालोमी, मग ठिपके, गॉडफ्रे असणार, मग शर्ली, सुरुची. स्वतःचं नाव कॅटलॉगमध्ये बघून उगाच बरं वाटलं. मग शेजारी सिप्रियन अंकलचं घर. तिथे एक चूक सापडली. सगळ्या आळीत त्यांच्या एकट्याच्या कॉलमची अट बदललेली आहे. रिकामा चालेल.

उद्या दुरुस्त करते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सिप्रियन अंकल गेले.

काल सकाळी ऑफिसला पोचून त्यांची अट दुरुस्त करायला घेतली, तर कॉलमच नव्हता. ठिपके. मी परेश सरांवर वैतागले, ते माझ्यावर वैतागले, हे तू केलंस का, नाही तुम्ही केलंत का. दोघांनीही केलेलं नव्हतं. संध्याकाळी आळीत शिरले तर अंकलच्या ओट्यापुढे माणसं. दुपारी जेवून खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. आज चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा झाली. सालोमी आंटींनी वाडीतला सगळा चाफा तोडून नेला.

योगायोग असतात. केळ्यांचा फणा अजून संपलेला नाही. मला त्यातलं केळं खाववत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पलीकडच्या आळीत एक म्हाताऱ्या बाई होत्या. सोमवारी कॅटलॉगमध्ये त्यांच्या कॉलमला रिकामा चालेल. मंगळवारी सकाळी ठिपके. मंगळवारी दिवेलागणीला चर्चची मयताची घंटा.

आज अर्धा दिवस सुट्टी घेऊन ॲन्सेल्म मास्तरांकडे गेले. आळीच्या टोकाला घर, खुर्चीत बसून भोपळ्याची पानं निवडत होते. मी कुठे काम करते ते सांगितल्यावर त्यांनी पानं बाजूला ठेवली. मी एकही कॉलम काढलेला नाही, म्हणाले, मला शून्य टाकणंसुद्धा जड जायचं.  मग म्हणाले की बायकोच्या नावाला रिकामा चालेल झालेलं त्यांनी बघितलं होतं. अट परत घातली, ती तासाभरात गेली. पुन्हा घातली, पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी ठिपके. त्यानंतर त्यांनी कॅटलॉग बघायचं सोडलं. मलाही म्हणाले, मुली, बघत जाऊ नकोस. बघून वाचत कुणी नाही, फक्त आपला आदला दिवस वाया जातो.

मी तावातावाने म्हणाले की हा काहीतरी बग आहे. मास्तरांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि हात जोडले. मला एवढा राग आला त्यांचा.

२३ नोव्हेंबर, रविवार

आई आली! आल्या आल्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, प्लॅटफॉर्म चांगला आहे. सालोमी आंटींना तिने पहिल्या तासात अगं म्हणायला सुरुवात केली. आंटींनी तिला सुकेळी, म्हणजे इथली वाळवलेली केळी, खायला दिली आणि दोघी गुडघ्यांविषयी बोलत बसल्या.

मी आंटींना बाजूला घेऊन सांगितलं की आईचं नाव सोसायटीत घालू नका, माझ्या वाटणीच्या पाण्यात भागवू. त्या दुखावल्याच. घरात आलेल्या माणसाच्या नावाचा पानी नाही, असं आमच्याकडे होत नाही बाय, म्हणाल्या. नाव त्यांनी कालच घातलं होतं.

२ डिसेंबर, मंगळवार

आई रमली आहे. आळीत तिला आता आशालता आंटी म्हणतात. कुठली रिक्षा कुठे मिळते हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळलंय आणि माणिकपूरच्या स्टँडवर उभी राहून ती दुसऱ्यांनाच पत्ते सांगते. नाताळसाठी आंटींबरोबर चांदणी लावायला शिडी धरून उभी होती. संध्याकाळी मी आले की दोघी ओट्यावर, मध्ये लसणाची परडी. मी याच्यासाठीच आले होते. मग मला सुख का लागू देत नाही कुणी.

मी दिवसभर कॅटलॉग बघते. काम म्हणून नाही. आमचं घर, आशालता, रिकामा चालणार नाही. पाणी पिऊन येते, पुन्हा बघते. चहा येतो, पुन्हा बघते. परेश सरांनी आज विचारलं की सगळं ठीक आहे ना, वाटल्यास दोन दिवस घरी राहा. घरी राहिले तर बघणार कशी?

९ डिसेंबर, मंगळवार

आशालता. रिकामा चालेल.

जेवणाचा डबा उघडत होते. सहज बघितलं. झाकण हातातच राहिलं. आईला फोन लावला तर ती नीट होती, खिदळत होती, म्हणाली आम्ही दोघी खोबरं खवतोय, तू फोन ठेव. अट परत घातली. गेली. परत घातली. गेली.

मग मी बसले आणि डोकं लावलं. मास्तर गणिताचे, मी या धंद्यातली आहे. डेटाबेसचा एक नियम आहे. एखाद्या कॉलमवर दुसरं काही टेकलेलं असेल तर तो काढता येत नाही. काढू गेलं तर डेटाबेस नकार देतो. म्हणजे आईच्या कॉलमवर काहीतरी टेकवायचं. नवं काही बनवलं तर सोसायटीच्या तपासणीत उघडं पडेल. आहे त्यातलंच हवं. म्हणून माझा कॉलम घेतला. त्याची व्याख्या बदलली. सुरुचीचं पाणी म्हणजे आशालताच्या पाण्याइतकं, स्वतंत्र आकडा नाही. आता मी आईवर टेकले आहे. ती गेली तर माझी व्याख्याच उरत नाही, म्हणून डेटाबेस तिला जाऊ देणार नाही.

त्यासाठी माझा जुना कॉलम काढून नवा घालावा लागला. दोन्ही आज्ञा एका झटक्यात दिल्या, मधल्या वेळात मी नाही असं व्हायला नको म्हणून. तरी बोट जरा अडखळलं. आता आईच्या खालीच माझं नाव आहे आणि माझ्या जुन्या जागी ठिपके.

१० डिसेंबर, बुधवार

जमलं! सकाळी लॉग उघडला, म्हणजे डेटाबेसला कुणी काय सांगितलं आणि त्याने काय उत्तर दिलं त्याची नोंद. त्यात एक ओळ. आशालता कॉलम काढता येत नाही, दुसऱ्या गोष्टी त्याच्यावर अवलंबून आहेत. सांगणाऱ्याचं नाव असतं ती जागा कोरी.

कोण आहेस ते नको सांगूस. पण हात हलवत परत गेलास ना! मी गाळ्यातच मोठ्याने हसले. परेश सरांना वाटलं काम संपलं. दिवस गेला, दिवेलागण झाली, आई ओट्यावर. मी तिला इतकी घट्ट मिठी मारली की ती म्हणाली, अगं लसूण सांडेल.

१३ डिसेंबर, शनिवार

लॉगमध्ये ती ओळ पुन्हा आली. आणि पुन्हा. आधी दिवसातून एखादी यायची, आता पान खाली सरकवावं लागतं. कडी लागलेलं दार कुणीतरी हलवून बघावं तसं. न रागावता, न थकता.

आई झोपत नाही. बसते, उठते, पुन्हा बसते. वाडीत जाते, परत येते. काय हवंय विचारलं तर म्हणते कुठेतरी निघायचंय असं वाटतं आणि चप्पल सापडत नाही. चप्पल पायातच असते. काल माझ्या ताटातला भात बघून म्हणाली की मला भूक लागायची ती कशी असायची ते आठवत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरकडे नेलं. बोटाला नाडी मोजायचं यंत्र लावलं, आकडा येईना, नुसत्या रेघा. दुसरं लावलं. रेघाच. डॉक्टरांनी मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, मग आईकडे बघितलं, ती त्यांना सांगत होती की तुमच्या दवाखान्याची पाटी रस्त्यावरून दिसत नाही. त्यांनी हात सोडला. थंडी आहे म्हणाले, अंगात गरम घाला. आमच्याकडे न बघता पैसे नको म्हणाले.

थंडी आहे. पण तिचे हात—

ऑफिसमधून आंटींना फोन केला. आई आत्ताच फाटकापर्यंत जाऊन उभी राहिली, दोनदा परत आणली, म्हणाल्या. लॉग बघितला. आत्ताच दोन ओळी. फोन तसाच कानाला धरून ठेवला. नवी ओळ आली, आणि तिकडून आंटींचा आवाज, आशालता, अगं, चाललीस कुठे परत.

ओळ आली की आई उठते.

१७ डिसेंबर, बुधवार

नखं निळी. बोलते नीट. हसते पण. हसून झाल्यावर चेहरा तसाच राहतो, खाली आणायचं विसरल्यासारखा.

आंटी तिच्याजवळ बसून रोझरी म्हणतात. आज मला स्वयंपाकघरात ओढलं. रडत होत्या. म्हणाल्या, बाय, तू काय केलंस मला माहीत नाही, पन तिला विसावा नाही, तुला दिसत नाही का.

दिसतं.

रात्री आईला सगळं सांगितलं. कॅटलॉग, ठिपके, मी टेकले ते. वाटलं होतं वेड्यात काढेल. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की स्टँडवर काही लोक निरोप द्यायला येतात आणि गाडी सुटली तरी खिडकीतला हात सोडत नाहीत. पळत राहतात. पडतात. त्यांच्यावर ती खिडकीतून किती ओरडायची. गाडी लागून कधीची उभी आहे, सुरुची, म्हणाली. सोड आता.

मी नाही म्हणाले. मी तिच्यावर ओरडले. देवा, मी तिच्यावर ओरडले—

१८ डिसेंबर, गुरुवार

धंद्यातली म्हणवते. मूर्ख.

चुकीचा संदेश आला की आम्ही पहिली ओळ वाचतो आणि पुढे जातो. त्याच्याखाली डेटाबेस आणखी एक ओळ देतो. सूचना. हिंट. ती कुणी वाचत नाही, आम्हाला पाठ असते. इतकी पाठ की दिसतच नाही. मी एवढ्या दिवसांत एकदाही—

आज वाचली. आशालता कॉलम काढता येत नाही. आणि खाली, त्याच्यावर अवलंबून असलेल्या गोष्टीही काढायच्या असतील तर आज्ञेच्या शेवटी कॅस्केड लिहा.

प्रत्येक वेळी. प्रत्येक नकाराबरोबर. माझाच डेटाबेस त्याला समजावून सांगतो आहे, असं नाही जमणार, असं कर, मुलीलाही घे. आणि तो एक दिवस वाचेल. माझ्यासारखा नाही तो, त्याला घाई नाही.

माझा कॉलम सुटा करता येतो. एक आज्ञा. मग मी आईवर टेकलेली नसेन. मग तो येईल आणि आई—

माझ्या हाताने.

आणि खरं लिहिते. भीती वाटली ती आधी माझी वाटली. आईची नाही, माझी. म्हणजे उद्या मी तिला सोडणार आहे की स्वतःला सोडवणार आहे? कळत नाही. मला ती हवी आहे. मला ती ओट्यावर हवी आहे, बाकी काही नको. पण ती आत्तासुद्धा फाटकाशी उभी आहे. आंटी तिला धरून—

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी तिला सांगितलं, आज सोडते. तिने माझा गाल कुरवाळला. बोटं बर्फ. वेळेवर जा, म्हणाली, आणि पोचल्यावर फोन करू नको, मी घाईत असेन. आंटींनी तिला ओट्यावर बसवलं. मी फाटकातून दोनदा मागे वळले. तिसऱ्यांदा वळले असते तर गेलेच नसते.

ऑफिस. आज्ञा दिली. माझा कॉलम सुटा कर.

होत नाही. माझी आज्ञा रांगेत उभी आहे. टेबल दुसऱ्या कुणीतरी धरलंय. धरणाऱ्याचं नाव कोरं. परेश सर मागे येऊन उभे राहिले, त्यांनीही बघितलं, टेन्शन नको घेऊ म्हणाले नाहीत. सर्व्हर बंद करू का, म्हणाले. बंद होत नाही.

लॉगमध्ये नवी ओळ नाही. सकाळपासून एकही नाही. तो दार हलवत नाही. थांबलाय. का थांबलाय. वाचतोय का—

आंटींचा फोन. आई गेली. ओट्यावर बसल्या बसल्या. डोकं भिंतीला टेकलं आणि विसावली, म्हणाल्या, किती दिवसांनी गं विसावली. चेहरा कसा आहे विचारलं. झोपलेल्या माणसाचा, म्हणाल्या.

सुटली. सुटली माझी आई.

माझी आज्ञा अजून रांगेतच आहे. मी नाही सोडवलं तिला.

लॉगमध्ये एक ओळ आली आहे, वेळ आंटींच्या फोनच्या जरा आधीची. नकार नाही. शेवटी एक शब्द जास्त. तिच्या जागी ठिपके, त्याखाली मी होते तिथे ठिपके. परेश सरांनी स्क्रीनवर हात ठेवला. मी आधीच वाचलं होतं.

रिक्षात आहे. अक्षर हलतंय. सिप्रियन अंकलना सकाळपासून दुपारपर्यंत वेळ मिळाला होता. आईला क्षणभर नाही. मला किती ते—

पुलावर गाड्या अडकल्यात. रिक्षावाल्या दादांना म्हटलं चालत जाते, ते म्हणाले, बसा ताई, निघेल आत्ता, तुमचा चेहरा बरा दिसत नाही. हात गार पडलेत. थंडी आहे. थंडीच असेल.

मला मरायची भीती वाटते. पण त्याहून जास्त ही वाटते, की तिला बघायच्या आधी. आंटींना सांगितलंय, मी येईपर्यंत तिला ओट्यावरून हलवू नका. कुणाला हात लावू देऊ नका. मी जवळ आलेय, पूल उतरतोय, गाड्या सुटल्या, मला आळीचं वळण दिसतंय, आई, मी आलेच, मी